नदीची हजेरी

नदीकाठची बाग चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचं? आपल्याकडे बाकडी, दिवे आणि चालायचा रस्ता यांवरून ठरवतात. मला वाटतं, आधी एकच प्रश्न विचारावा. पाण्यात कोण राहतं? उत्तर "कोणी नाही" असं आलं तर ती नुसती बाग. ती कुठेही करता आली असती, त्यासाठी नदी कशाला हवी?

हे मनात पक्कं झालं ते फ्लोरिडात. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. ऑरलँडोपासून तासाभरावर ऑरेंज सिटी नावाचं गाव आहे. तिथे सेंट जॉन्स नदीला मिळणाऱ्या एका झऱ्यावर 'ब्लू स्प्रिंग' हे सरकारी उद्यान आहे. थंडीत तिथे मॅनटी येतात. मॅनटी म्हणजे पाण्यातली गाय म्हणा ना! आठ-दहा फूट लांब, चार-पाचशे किलो वजनाचा, गवत खाणारा गरीब प्राणी. जवळचा नातेवाईक कोण, तर हत्ती. एवढा धिप्पाड, पण थंडी सोसत नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की आजारी पडतो. झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंश, म्हणून नदी गारठली की सगळे इथे आश्रयाला येतात.

काठावरून वाकून पाहिलं. पाणी काचेसारखं स्वच्छ. खाली राखाडी पाठी एकमेकींना खेटून पडलेल्या. मधूनच एखादं नाक वर यायचं, 'फुस्स' करून श्वास घ्यायचं आणि पुन्हा खाली. नातू मोजत होता, चाळिसानंतर त्याचा घोटाळा झाला.

माणसांसाठी तिथे झऱ्याच्या काठाने एक लाकडी वाट आहे, तेवढीच. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत त्या पाण्यात पोहायचं नाही, नाव घालायची नाही. पाणी त्यांचं, काठ आपला.

पण माझ्यातल्या शिक्षिकेला भावली ती निराळीच गोष्ट. तिथले अभ्यासक थंडीत सकाळी छोट्या नावेतून जाऊन मॅनटींची चक्क हजेरी घेतात! ओळखीच्या प्रत्येकाला नाव दिलेलं आहे. ओळखतात कशावरून? बोटींच्या पंख्यांनी अंगावर झालेल्या जखमांच्या व्रणांवरून. ऐकून जीव कळवळला. १९७० च्या दशकात पटावर ३६ होते. १९७२ साली सरकारने ती जागा विकत घेतली. २००६ मध्ये झऱ्याचा किमान प्रवाह किती राहिला पाहिजे, तेही ठरवून दिलं. २०२४ च्या जानेवारीत एका दिवशी नऊशेच्या वर हजर होते.

तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०२१ साली फ्लोरिडात अकराशेच्या आसपास मॅनटी मेले. त्यांतले बरेचसे पूर्व किनाऱ्यावरच्या खाजणात उपासमारीने मेले. सांडपाणी आणि खतं पाण्यात गेली, शेवाळ माजलं, ऊन तळापर्यंत पोचेना, तळातलं गवत मेलं. नेमकी आपलीच गोष्ट की! फरक एवढाच, ते मोजत होते म्हणून त्यांना कळलं.

आता आमच्याकडे या. पवना मुळेला मिळते ती आमच्या दापोडीत. हॅरिस पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, बऱ्याचशा काचा वर करून. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी दाटते की नवख्या माणसाला खाली मैदान आहे असंच वाटावं. याच नदीची एक जुनी नोंद सांगते. कंपनी सरकारातले कर्नल साइक्स यांनी १८३९ साली 'खुद्री' हा महाशीर मासा शास्त्राच्या पुस्तकात नोंदवला, तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला. म्हणजे आमच्या नदीची हजेरी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लागलेली आहे. आज दापोडीच्या पुलाखाली महाशीर शोधायला कोणी जाणार नाही. तो इथून कधी गेला, ते मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. शाळेत एखादं पोर चार दिवस आलं नाही तर आम्ही घरी निरोप धाडत असू!

आमच्या वरच्या अंगाला, वाकड ते सांगवी, मुळेच्या काठी महापालिकेने नदी सुधार प्रकल्प हाती घेतला. २०२५ मध्ये पिंपळे निलखला काठची झाडं वाचवण्यासाठी नागरिक जमले. मी विकासाच्या विरुद्ध नाही. सत्तरी उलटलेल्या बाईला बसायला बाकडं हवंच असतं. पण बाकड्यावर बसून नाकाला पदर लावायचा असेल तर काय उपयोग? आधी सांडपाणी शुद्ध होऊन नदीत यावं, मग दिवे लागावेत. आणि काठाला हात लावण्याआधी तिथे कोण राहतं याची यादी लोकांसमोर ठेवावी.

काही जण म्हणतील, "बाई, ती अमेरिका. आपल्याला कुठलं परवडतंय?" अहो, हजेरीला लागतं काय? एक वही, एक पेन्सिल आणि सातवी-आठवीची चार मुलं. आमच्या घाण पाण्यातही शेकाट्या दिसतो, ढोकरी दिसते, खंड्या दिसतो, थंडीत धोबी पक्षी येतो. दापोडी-बोपोडीच्या शाळांनी महिन्यातून एकदा काठावर उभं राहून एवढंच लिहावं: आज कोण आलं, कोण आलं नाही. पाच वर्षांनी ती वही महापालिकेच्या टेबलावर ठेवता येईल, आणि 'सुधार' झाला की नाही ते त्या वहीवरूनच कळेल.

कोणी शाळा तयार असेल तर कळवा. रेघा मारलेली वही माझ्याकडे तयार आहे.