उलटा ई आणि आळशी संपादक

बाकूजवळ सुराखानी नावाचं एक ठिकाण आहे. तिथल्या आतेशगाह या अग्निमंदिरात देवनागरीत कोरलेले शिलालेख आहेत. म्हणजे आपली अक्षरं अझरबैजानच्या दगडावर सुखरूप आहेत. त्यांची अक्षरं मात्र इंग्रजी संदर्भग्रंथांच्या कागदावर टिकत नाहीत! आजची कुरकुर त्यावरच.

थोडा इतिहास. विसाव्या शतकात या भाषेची लिपी तीनदा बदलली. आधी अरबी, १९२०च्या दशकात रोमन, १९४०च्या सुमारास सोविएत हुकुमाने सिरिलिक आणि १९९१ला स्वातंत्र्यानंतर पुन्हा रोमन. ऑगस्ट २००१पासून तर रोमन सक्तीचीच झाली. म्हणजे त्यांच्या गावांची नावं आता मुळातच रोमन लिपीत आहेत. लिप्यंतर करायची गरजच नाही, जसंच्या तसं उतरवून घ्या की!

पण नाही. गेंजा शहराचं उदाहरण घ्या. १९३५ ते १९८९ त्याचं नाव किरोवाबाद होतं, ते एकदाचं गेलं. तरी कित्येक नकाशांत 'जी-वाय-ए-एन-डी-झेड-एच-ए' असं आठ अक्षरांचं स्पेलिंग उरलंच. हे अझरबैजानी नाही आणि इंग्रजीही नाही. रशियन स्पेलिंगचं ते इंग्रजी रूप आहे. गाव त्यांचं, वाचक इंग्रजीचा, मग मध्ये मॉस्कोचा दलाल कशाला?

दुसरा पंथ टिंबं-शेपट्या खुडणाऱ्यांचा. अझरबैजानीत एक उलट्या ई सारखं अक्षर आहे, उच्चार आपल्या 'बॅट'मधल्या ॲ सारखा. गावाचं नाव खरं तर 'गॅन्जॅ'. या अक्षराच्या जागी कुणी ए लिहितो, कुणी ई, कुणी दोन टिंबांचा ए. एकाच ग्रंथात तीन गावांना तीन न्याय. मग अनुक्रमणिकेत शोधणारा बसतो डोकं खाजवत.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी वाचकाला हे अक्षर वाचता येणार नाही, टाइप करता येणार नाही. वाचता येत नाही तर शेजारी उच्चार द्या, कोशाचं ते कामच आहे. टाइप करता येत नाही तर शोधयंत्राने साधा ए आणि ई दोन्ही चालवून घ्यावेत. हे काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यासाठी नाव मोडायचं नसतं. हां, एक खाचखळगा खरा आहे. युनिकोडमध्ये ०२५९ क्रमांकाचं हे अक्षर आणि ०१डीडी क्रमांकाचं दुसरंच एक अक्षर दिसायला जुळे भाऊ आहेत. चुकीचं वापरलं की डोळ्यांना कळत नाही, पण शोध फसतो. पण हे नीट तपासण्याचं कारण झालं, सोडून देण्याचं नव्हे.

बाकूचं काय? स्थानिक स्पेलिंग वेगळं आहे, पण 'बाकू' इंग्रजीत रुळलंय. ते ठेवा, शेजारी मूळ रूप द्या. रुळलेल्या चारदोन नावांची सवलत बाकीच्या हजारो गावांना लावू नका, इतकंच.

आणि एक गफलत टाळा. स्पेलिंग वेगळं आणि नाव वेगळं. काराबाखमधल्या एकाच शहराला अझरबैजानी खानकेंदी म्हणतात, आर्मेनियन स्तेपानाकेर्त. सप्टेंबर २०२३मध्ये अझरबैजानने ताबा घेतल्यावर एक लाखाहून जास्त आर्मेनियन काराबाख सोडून गेले. तिथे 'आता हेच अधिकृत' म्हणून दुसरं नाव गाळणं म्हणजे त्या माणसांनाच गाळणं. नोंदीत दोन्ही हवीत, आणि दोन्ही नीट लिहिलेली. शुद्धलेखनाच्या आडून राजकारण नको.

आपल्या 'ळ'ला इंग्रजीत जागा नाही, कारण लिपीच वेगळी. ती आपली मजबुरी. यांची तर लिपी रोमनच आहे, आणि तरीही अक्षरं कापली जातात. याला मजबुरी म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

असो. तूर्तास इतकंच.