झाकली मूठ आणि उघडा मोबाईल

मोबाईलवरील आपली माहिती कोठे जाते याची सामान्य माणसाला पर्वा नाही, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. पुरावा काय, तर लांबलचक अटी न वाचताच सगळे ‘मान्य आहे’वर बोट ठेवतात. आम्हास हे पटत नाही.

कोणता दुकानदार आपली उधारीची वही शेजारच्या दुकानदारास चाळू देतो? मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक सूत कोणत्या भावाने उचलले हे चहाच्या टपरीवर सांगतो काय? गिऱ्हाईक कोण, येणे किती, देणे किती, ही व्यापाऱ्याची झाकली मूठ असते. तोच माणूस मोबाईलवर मूठ उघडतो, कारण पलीकडे कोण बसले आहे हे त्याला दिसत नाही, आणि ‘नाही’ म्हटले तर काम अडते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करण्यास सांगितले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. असंख्य लोकांनी सिग्नल व टेलिग्राम घेतले आणि कंपनीस मुदत १५ मेपर्यंत वाढवावी लागली. पर्वा नसती तर हे घडले असते काय? पुढे बहुतेक जण व्हॉट्सअॅपवरच राहिले हेही खरे. गिऱ्हाइकाची ऑर्डर तेथेच येते, मालाचे फोटो तेथेच जातात. जेथे बाजार भरतो तेथेच दुकान मांडावे लागते. याला संमती म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात.

या नाइलाजाची जबर किंमत छोट्या कारागिराने मोजली आहे. चार-पाच हजारांच्या तातडीच्या कर्जासाठी अॅप घेतले की ते फोनमधील सगळे नंबर मागे. हप्ता चुकला की वसुलीवाले भावाला, व्याह्याला, गिऱ्हाइकाला फोन करून बेअब्रू करीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या अखत्यारीतील संस्थांच्या कर्ज-अॅपना नंबरांची यादी, कॉलची नोंद व फोटो-फायली यांना हात लावण्यास मनाई केली. परंतु बेकायदा अॅप नियम कशाला पाळेल? म्हणून कर्ज घेण्यापूर्वी त्यामागे कोणती बँक वा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते पाहावे. जे अॅप नंबरांची यादी मागेल, त्याचे कर्ज घेऊच नये. आधारची प्रत द्यावी लागलीच आणि समोरच्यास चालत असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते.

कायदाही आता आपल्या बाजूस येत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

पण बोट फक्त कंपन्यांकडे दाखवून भागणार नाही. आपल्याही मोबाईलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, मापे, कोणाच्या घरी लग्न आहे याची खबर असते. शिंप्याकडे आलेला नंबर मंडपवाल्यास, सराफास, दलालास विचारल्यावाचून देण्याची रीत बाजारात आहेच. दागिना घडवायला दिलेले सोने जशी अमानत, तसाच हा नंबरही अमानत आहे. आपण दुसऱ्याची माहिती सांभाळली, तरच आपली माहिती सांभाळा असे मोठ्या कंपन्यांस सांगण्याचा आपणास अधिकार राहील. व्यापारी बंधूंनी सुरुवात आपल्या गल्ल्यापासून करावी.