चिलखत आमचे, चाके कोणाची आणि हुकूम कोणाचा?

बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा

बोरगाव मेघेहून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर आहे आणि लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार असलेले पुलगावही याच जिल्ह्यात आहे. एका ठिकाणी शस्त्रावाचून राज्य हलविण्याचा विचार झाला, दुसऱ्या ठिकाणी शस्त्रांची सामग्री साठविली जाते. अशा मुलखातील वाचकांस चिलखती मोटारीचा विषय परका वाटू नये. सरकार आपल्या संरक्षणावर जो पैसा खर्च करते तो आमच्या व्यापाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या करांतूनच जातो; तेव्हा त्याचा हिशेब मागणे हे आमचे कर्तव्यच होय.

हे वाहन १९१४ च्या महायुद्धात पुढे आले. ब्रिटिश नौदलाच्या विमानदलातील अधिकाऱ्यांनी डंकर्कच्या आसपास साध्या मोटारींस बॉयलरचे पत्रे ठोकून काम भागविले. पुढे रोल्स-रॉइसच्या श्रीमंती सांगाड्यावर पोलादी कवच व फिरता बुरूज चढवून त्यात व्हिकर्स मशीनगन बसविण्यात आली. फ्लँडर्समध्ये खंदक खणले गेले तेव्हा ही मोटार तेथे निरुपयोगी ठरली, कारण चिखलात व खड्ड्यांत तिची चाके चालत नसत. मग ती उपयोगी पडली कोठे? मोकळ्या वाळवंटात, आणि त्याहून अधिक परतंत्र देशांच्या सडकांवर. महायुद्धानंतर रोल्स-रॉइस आणि क्रॉसले यांच्या खास हिंदुस्थानी धर्तीच्या गाड्या वायव्य सरहद्दीवर फिरू लागल्या, त्या याच कारणाने.

या मोटारीचे दुसरे रूप १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथे दिसले. जनरल डायर यांनी जालियनवाला बागेकडे जाताना अशा दोन गाड्या बरोबर नेल्या होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या बाहेर राहिल्या आणि आत रायफलींच्या १,६५० गोळ्या झाडण्यात आल्या. हंटर कमिटीपुढे मुंबईचे नामांकित कायदेपंडित सर चिमणलाल सेटलवाड यांनी डायर यांस नेमका तोच प्रश्न विचारला: बोळ रुंद असता तर गाड्यांवरील मशीनगनही चालविल्या असत्या काय? बहुधा होय, असे उत्तर आले. म्हणजे त्या दिवशी जे प्राण वाचले त्यांपैकी कित्येक कायद्याने वाचविले नाहीत, अरुंद बोळाने वाचविले! एखाद्या राज्यपद्धतीवर याहून कडक ठपका तो कोणता?

दुसऱ्या महायुद्धाचा वृत्तांत निराळा, पण तितकाच बोधप्रद आहे. १९३८ साली सिंध हॉर्स आणि १३ वी लान्सर्स या रिसाल्यांचे घोडे जाऊन मोटारी आल्या. लवकरच युद्ध पेटले आणि १९४० साली डंकर्कच्या माघारीत ब्रिटनची सामग्री फ्रान्सच्या किनाऱ्यावर पडून राहिली. विलायतेतील कारखाने प्रथम आपल्याच फौजेची भूक भागवीत होते. गंमत अशी की, तेथील हंबर चिलखती मोटारीचा सांगाडा ज्या कॅरिअर ट्रॅक्टरावरून घेतला, तो पूर्वी हिंदुस्थानच्या फौजेसाठी तोफा ओढण्यास पुरविलेला होता. हिंदुस्थानास मात्र स्वतःची सोय स्वतः पाहणे भाग पडले. कॅनडातील फोर्ड कंपनीचे सांगाडे मागविण्यात आले, टाटांच्या जमशेदपूर कारखान्यात चिलखती पत्रा तयार झाला आणि अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. शिपाई त्यांस ‘टाटानगर’ म्हणत. आफ्रिकेत, इटलीत व पूर्वेकडील रणांगणांत त्या धावल्या. ज्या जमशेटजींनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल उभारली, त्यांच्याच स्वप्नातील हे पोलाद, याचा विदर्भाने अभिमान अवश्य बाळगावा.

परंतु अभिमानाबरोबर हिशेबही पाहिला पाहिजे. कापसाचा व्यापार करणाऱ्या आमच्या वाचकांस एक शब्द पुरेसा आहे: बारदान. या गाडीत बारदान आमचे होते, माल दुसऱ्याचा. इंजिन व सांगाडा परका. पत्रा तेवढा देशी. युद्धात पडण्याचा निर्णयही परकाच. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी लोकप्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, आणि त्याचा जाब काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबरास विचारला तो आमच्या वर्ध्यातूनच. १४ जुलै १९४२ चा ठराव येथेच झाला. तो करणाऱ्या कार्यकारिणीचे बहुतेक पुढारी ऑगस्टात अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडले गेले. चिलखती गाड्यांचे शिक्षण देणारी लष्करी शाळाही त्याच गावी होती, हा योगायोग विचार करण्यासारखा नाही काय?

काही लोक म्हणतील की, या कामातून आमचे कारागीर शिकले. हे आम्हांस मान्य आहे. तथापि शिकलेली विद्या पुढे नेली तरच ती विद्या. आज त्याच अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा आहे. तिने टाटांच्या साह्याने आठ चाकांची चिलखती गाडी सिद्ध केली आणि त्या गाडीसाठी टाटांनी २०२५ च्या सप्टेंबरात मोरोक्कोत कारखानाही उघडला. पुण्याची कल्याणी एम-४ ही गाडी मात्र दक्षिण आफ्रिकेतील आराखड्यावर आधारलेली आहे. उसना आराखडा घेणे हे पाप नव्हे. पण प्रत्येक खरेदीत इंजिन कोणाचे, आराखडा कोणाचा आणि सुटे भाग अडले तर काय, हे तीन प्रश्न संसदेत विचारले गेलेच पाहिजेत.

चौथा प्रश्न हुकुमाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४९ प्रमाणे जमाव पांगविण्यास सैन्य बोलाविले तर शक्य तितके कमी बळ वापरावे असे बंधन आहे. परंतु कलम १५१ अन्वये सरकारच्या मंजुरीवाचून त्याबाबत खटला भरता येत नाही. कलम २१८ मध्ये मंजुरीच्या अर्जावर १२० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन सरकारवर आहे. तसेच बंधन कलम १५१ मध्येही घालावे आणि नकार दिल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. प्रामाणिक अधिकाऱ्यास यात भय नाही. उलट त्याचे नाव लवकर निर्मळ होईल.

राष्ट्राला चिलखत हवे यात शंका नाही. पण त्याची चाके आपल्या बुद्धीने फिरावीत आणि हुकूम आपल्या कायद्यास बांधलेला असावा. नागरिकाचा जीव बोळाच्या रुंदीवर अवलंबून राहू नये, एवढे तरी आम्ही अमृतसरापासून शिकलो पाहिजे.