कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी?

बहुराष्ट्रीय कंपनी परदेशात कारखाना उभारते, तेव्हा भांडवल, यंत्रे आणि तंत्रज्ञान यांच्याबरोबर कामगारांना कसे वागवायचे याविषयीचे मुख्यालयाचे धोरणही घेऊन जाते. त्याची नोंद गुंतवणुकीच्या कोणत्याही करारात सापडत नाही. या धोरणाला ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ असे सोज्ज्वळ नाव आहे. ते प्रत्यक्षात काय असते, हे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात २०२४ साली झालेल्या संपाने उघड केले.

फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन तयार करणाऱ्या या कारखान्यातील हजाराहून अधिक कामगारांनी ९ सप्टेंबर २०२४ पासून काम बंद केले. पगारवाढीची मागणी होतीच. परंतु संप ३७ दिवस ताणला गेला तो मुख्यतः मान्यतेच्या प्रश्नावर. कामगारांनी ‘सीटू’शी संलग्न अशी स्वतःची संघटना स्थापन केली होती आणि तिला मान्यता देण्यास कंपनी तयार नव्हती. आपले वेतन परिसरातील तत्सम कारखान्यांपेक्षा अधिक आहे, असे कंपनी सांगत राहिली. ते खरे मानले तरी प्रश्न उरतोच. वेतन मालकाने एकट्याने ठरवायचे, की कामगारांशी वाटाघाटी करून?

ही भूमिका श्रीपेरुंबुदूरच्या व्यवस्थापकांची स्वतःची नव्हे. दक्षिण कोरियात सॅमसंगने कित्येक दशके संघटनाविरहित व्यवस्थापन हे तत्त्व म्हणून पाळले. संघटना मोडण्याच्या कारवायांबद्दल समूहातील काही वरिष्ठ अधिकारी डिसेंबर २०१९ मध्ये सोल येथील न्यायालयात दोषी ठरले. मे २०२० मध्ये समूहाचे प्रमुख ली जे-योंग यांनी जाहीर माफी मागितली आणि हे धोरण संपल्याची ग्वाही दिली. मायदेशात ज्याबद्दल माफी मागावी लागली, त्याचीच आवृत्ती चार वर्षांनी उपकंपनीत दिसावी, हा योगायोग म्हणता येईल काय?

परंतु सारा दोष कोरियावर ढकलून चालणार नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानुसार सात कामगारांना संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येत होता. तरीही संघटनेच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द असण्यास कंपनीने हरकत घेतली आणि नोंदणी महिनोन्‌महिने रखडली. सामाजिक न्यायाचा वारसा सांगणाऱ्या द्रमुकच्या सरकारने ऑक्टोबरमध्ये संपकऱ्यांना वगळून कामगारांच्या दुसऱ्याच एका समितीशी कंपनीचा समझोता घडवून आणला. त्याच आठवड्यात संपकऱ्यांचा मंडप उखडण्यात आला. गुंतवणूक निघून जाईल, या भीतीपुढे कायदा आणि तत्त्व दोन्ही वाकली.

ही भीती कितपत खरी होती? मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २७ जानेवारी २०२५ रोजी संघटनेची नोंदणी झाली. मे महिन्यात कंपनीने त्याच संघटनेशी वेतनकरार केला. तीन वर्षांसाठी वेतनवाढ मान्य केली. कारखाना काही कोणी उचलून नेला नाही!

परदेशी भांडवल आकर्षित करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सवलतींमध्ये संघटनास्वातंत्र्याला मुरड घालण्याचा समावेश असू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीच्या १९७७ च्या घोषणेतच बजावले होते. भारताने मात्र संघटनास्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटी यांविषयीचे ८७ व ९८ क्रमांकांचे तिचे ठराव आजवर संमत केलेले नाहीत. १९२६ च्या केंद्रीय कायद्याने नोंदणीचा हक्क दिला. पण मान्यता देण्याचे बंधन मालकावर घातले नाही. ही उणीव ओळखून महाराष्ट्राने १९७१ साली मान्यतेचा स्वतंत्र कायदा केला, हे येथील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिने वाटाघाटी करणाऱ्या संघटनेची तरतूद केली असली, तरी संपासाठी सर्वच कारखान्यांत पूर्वसूचना सक्तीची करून कामगारांचे हातही बांधले आहेत.

म्हणूनच श्रीपेरुंबुदूरचा धडा केवळ एका कंपनीपुरता नाही. ‘बळ’ मोजता येते, वापरता येते, गरज सरताच कमीही करता येते. माणूस मात्र बोलतो, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे तो स्वतः ठरवतो. त्याचा तो हक्क मुख्यालयाच्या किंवा मंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, यासाठी कारखान्याच्या दाराशी आणि विधिमंडळात, दोन्ही ठिकाणी लढावे लागेल.