पंखांची घडवंची

आमचे चिरंजीव अमेरिकेत ओहायो प्रांतात राहतात आणि मोटारीच्या गॅरेजात विमान बांधतात. थट्टा नव्हे! १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिल्वॉकीला अशा हौशी मंडळींचा संघ काढला. आज तिकडे हजारो घरगुती विमाने उडतात. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांच्या हातचे असावे, अशी तिथल्या सरकारची अट आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा दोन्ही पंख तयार होते आणि धडाचा पत्ता नव्हता. तोवर पंख ठेवायचे कुठे? सूनबाईंना गॅरेजात गाडी लावायची होती. मुलगा कामावर गेलेला पाहून मी एक पंख भिंतीला उभा टेकवला. तो घसरला आणि मागची पातळ कड वीतभर दुमडली. संध्याकाळी मुलाने कडेवरून बोट फिरवले आणि "असू द्या, बाबा," एवढेच म्हणाला. रागावला असता तर बरे वाटले असते.

सुतारकीची मला जुनी हौस. दुसऱ्याच दिवशी पाइनचे वासे आणले आणि त्यालाच विचारून विचारून कामाला लागलो. पंखाची पुढची कड गोल व भक्कम, मागची सुरीसारखी पातळ; म्हणून पंख पुढच्या कडेवर उभा ठेवायचा. पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, भलतीकडे दाब आला की खड्डा पडतो. म्हणून आधार आतल्या फासळीखालीच द्यायचा. धडाकडच्या टोकाला मुख्य तुळई बाहेर आलेली असते, ती लाकडी ठोकळ्यावर टेकवली. दुसऱ्या टोकाला जुन्या गालिच्याच्या पट्ट्याची झोळी बांधली. दोन चौकटी, मध्ये लांब वासा, खाली चार चाके. पंख शेजारी शेजारी उभे राहिले आणि ढकलताच भिंतीकडे सरकले. गाडी आत आली.

"अहो, ही तर घडवंचीच!" सौ. म्हणाली.

दुमडलेला पत्रा बदलायला मुलाला तीन आठवडे लागले. त्याने त्याबद्दल पुन्हा एक शब्दही काढला नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पंख त्याच घडवंचीवरून विमानतळावर पोचले, धडाला जोडले. आता शेजारच्या गावातला एक हौशी गृहस्थ घडवंची मागतो आहे.

"बाबा, देऊ का? तुम्ही केलेली आहे."

"दे की," मी म्हणालो. "पण मागची कड वर, हे त्याला नीट बजावून सांग."