संग्रामदुर्गाचे ऋण

पुण्यात लाल महालावरून जाताना शाहिस्तेखानाची फजिती न आठवणारा मराठी माणूस विरळा. मूळचा महाल केव्हाच नामशेष झाला आणि आजची वास्तू महानगरपालिकेने विसाव्या शतकात उभारली, हे ठाऊक असूनही त्या जागेपुढे आपले मन नम्र होते. परंतु ५ एप्रिल १६६३ च्या त्या छाप्यापूर्वी, याच खानाला पुण्यापासून सुमारे दहा कोसांवर छपन्न दिवस रोखून धरणारा चाकणचा संग्रामदुर्ग मात्र खऱ्या तटबुरुजांचे अवशेष अंगावर बाळगूनही आपल्या स्मरणातून जवळजवळ उतरला आहे.

चाकण हे सरहद्दीचे ठाणे. १६३६ च्या तहाने निजामशाही बुडाली, जुन्नरचा मुलूख मोगलांकडे आणि पुणे-चाकणचा प्रांत विजापूरकडे गेला, तेव्हापासून उत्तरेकडून येणाऱ्या फौजेला पुण्यापर्यंत रसद निर्वेधपणे वाहती ठेवावयाची तर हे ठाणे हाती असणे अगत्याचे झाले. किल्ला भुईकोट, सह्याद्रीच्या कड्यांचे निसर्गदत्त संरक्षण त्याच्या वाट्यास आलेले नाही, खंदक, तट आणि आतील शिबंदीची छाती एवढेच त्याचे बळ. २१ जून १६६० रोजी खानाने वेढा घातला, तेव्हा मराठ्यांचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याच बळावर ऐन पावसाळ्यात लढत राहिला. अखेर शत्रूने ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणून १४ ऑगस्टला सुरुंग उडविला. बुरूज ढासळला, तरी आत आधीच रचलेल्या मातीच्या भरावाआडून मराठ्यांनी ती रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिकाराचा मार्ग उरला नाही तेव्हाच, किल्ला सोडला. मोगलांच्या नोंदीप्रमाणे त्यांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले. एका भुईकोटासाठी एवढे मोल मोजावे लागल्यावर डोंगरी किल्ल्यांना हात घालण्याचा खानाचा उत्साह ओसरला, असे इतिहासकार मानतात ते सयुक्तिकच आहे.

पडलेल्या किल्ल्याचे स्मारक कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याला माझे उत्तर असे की, जय हा पुष्कळदा आधीच्या पराभवाने मिळवून दिलेल्या अवधीचे फळ असतो, आणि ज्या समाजाला फळ आठवते पण तो अवधी कोणी विकत घेतला हे आठवत नाही, त्याचे इतिहासप्रेम अर्धवट होय.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आनंद मलाही आहे. संग्रामदुर्ग त्यांत नाही, त्याचे मला वैषम्य नाही. चिंता आहे ती त्याच्या पायाखालच्या जमिनीची. गिरिदुर्गाला त्याची उंचीच राखते, भुईकोटाला मात्र वाढते गाव चहूबाजूंनी वेढते, आणि चाकण आज कारखान्यांनी गजबजलेले औद्योगिक शहर आहे.

म्हणून पुतळा वा प्रवेशकमान यांच्या आधी शासनाने किल्ल्याच्या हद्दीची रीतसर मोजणी करावी. खंदकाची रेषा जमिनीवर आखून तिच्या आत नवे बांधकाम होऊ देऊ नये. जुन्या रहिवाशांपैकी कोणाला हलविणे अपरिहार्य ठरले, तर त्याचे योग्य पुनर्वसन आधी व्हावे, कारण दुसऱ्याचे घर मोडून उभारलेल्या स्मृतीला गोडवा राहत नाही. ईशान्येच्या बुरुजापाशी वेढ्याचा नकाशा आणि छपन्न दिवसांची हकीकत मराठीत, शाळकरी मुलाला उमजेल अशी लिहावी.

लाल महालात आपल्याला मूळचा एक दगडही परत आणता आला नाही. चाकणला तो आणावा लागत नाही. आहे त्या ठिकाणी राहू द्यावा लागतो. फिरंगोजीने तोफांच्या माऱ्यात छपन्न दिवस जी माती सोडली नाही, ती आपण शांततेच्या काळात केवळ दुर्लक्षाने गमावू नये.