नदीचा फोटो आणि नदीचा पत्ता

पावसाळा संपल्यावर नववीतल्या एका मुलाने मोबाइलवर काढलेला फोटो मला दाखवला. काळ्याभोर रंगावर पांढरी वळणे आणि मधून एक तांबूस रेघ. मी म्हणालो, "माशाअल्लाह! कोणत्या चित्रकाराचं आहे?" तो हसला. "सर, आमच्या घरामागचा नाला आहे. तो फेस आहे." तो नाला म्हणजे आपली खाम नदी.

मी ओशाळलो. पण फोटो सुंदर होता, हेही खरे.

अशा अमूर्त फोटोंवर "काही कळत नाही" हा आक्षेप मला पटत नाही. बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या पाहत वाढलेल्या माणसाला नुसत्या आकारांतले सौंदर्य शिकवावे लागत नाही. सय्यद हैदर रझा 1922 मध्ये नर्मदेच्या मंडला जिल्ह्यात जन्मले, नागपूर-मुंबईत शिकले. 1948 मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सुनावले की तुमच्या चित्रांत बांधणी कमी आहे, सेझान अभ्यासा. पुढे त्यांची निसर्गचित्रे बिंदू आणि त्रिकोणापर्यंत पोहोचली.

माझा आक्षेप वेगळा आहे. चित्रातला रंग चित्रकाराचा असतो. फोटोतला फेस मात्र खरोखर तिथे असतो. चौकट आवळली की काठावरची घरे आणि दुर्गंधी बाहेर राहते. खाम हर्सूलकडून येते, पाणचक्कीजवळून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीवरच्या जायकवाडीचे पाणी आपण पितो. मग हा फेस केवळ 'आकार' कसा?

कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी 1996 मध्ये निकेलच्या खाणीतून निघालेल्या गाळाचा नारिंगी ओढा टिपला. पाहणारा आधी हरखतो. मग शीर्षक वाचतो, त्यात गाळ आणि सडबरी हे गाव, दोन्ही लिहिलेले आहे. तिथे तो थबकतो. अमूर्त फोटो जरूर काढावेत, पण पत्ता लपवू नये, एवढेच माझे म्हणणे.

तो फोटो वर्गाबाहेर लावायचे ठरले, तेव्हा एका सहकाऱ्यांनी सुचवले, "खाली 'निसर्गाचे रंग' लिहा, छान दिसेल." मी मुलालाच लिहायला सांगितले. त्याने उर्दू आणि मराठीत लिहिले : 'खाम नदी, आमच्या घरामागे.'

मला तो नाला म्हणाला होता. लिहिताना त्याने नदी लिहिले.